जदुनाथ सरकार : साठ वर्षांचा विद्यार्थी

द्वितीय वर्ष, कला

गेल्या जूनमध्ये द्वितीय वर्षाचा प्रवेशअर्ज भरताना विशेष विषयाच्या रकान्यापाशी माझे पेन अडले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. थोरल्या भावाचे म्हणणे होते की अर्थशास्त्र घ्यावे, निदान बँकेच्या परीक्षेला तरी उपयोगी पडेल. वडिलांनी जोर केला नाही. होऊन गेलेल्या गोष्टी शिकून पुढे काय करायचे, एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. मला इतिहास हवा होता. पण का हवा होता, हे सांगण्याइतके शब्द माझ्यापाशी नव्हते.

कारण तसे साधेच होते. आमचे गाव पुरंदरच्या पायथ्याजवळचे. किल्ला रोज डोळ्यांसमोर. मुरारबाजीची गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली, ती शाळेत जाण्याच्याही आधी. पहिल्या वर्षाला ट्यूटोरियलसाठी पुरंदरचा वेढा हा विषय आला तेव्हा मी ती गोष्ट जशीच्या तशी, चांगली चार पाने लिहून काढली. वही परत आली तेव्हा समासात सरांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता : कशावरून? मला फार वाईट वाटले. आजीने सांगितलेल्या गोष्टीला पुरावा कसला मागायचा? दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःहून बोलावले आणि ग्रंथालयात जाऊन जदुनाथ सरकारांचे शिवाजीवरील इंग्रजी पुस्तक वाचायला सांगितले. पुरंदरचे एक प्रकरण वाचायला मला शब्दकोश घेऊन दीड महिना लागला. पण ते संपल्यावर पुस्तकाइतकेच ते लिहिणाऱ्या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले. मध्ययुगीन इतिहासाचा अभ्यास म्हणजे काय, हे मला या माणसाच्या चरित्रातून कळले. म्हणून हा लेख.

जदुनाथांचा जन्म १० डिसेंबर १८७० रोजी राजशाही जिल्ह्यातील करचमारिया या खेड्यात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील राजकुमार सरकार हे जमीनदार. त्यांना ग्रंथांचा नाद होता आणि घरी मोठा ग्रंथसंग्रह होता. तेव्हा जदुनाथ आमच्यासारख्या घरातून आले असे मी म्हणणार नाही. ज्या घरात पुस्तकांचे कपाट असते त्या घरातला मुलगा शर्यतीत काही पावले पुढेच उभा असतो. परंतु पुढे त्यांनी जे मिळवले त्यातले फार थोडे त्या कपाटात होते.

राजशाहीला शालेय व आरंभीचे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. १८९१ साली इंग्रजी आणि इतिहास हे विषय घेऊन ते बी. ए. झाले आणि १८९२ मध्ये एम. ए.ला पहिल्या वर्गात पहिले आले. हे एम. ए. इतिहासाचे नव्हते, इंग्रजी वाङ्मयाचे होते! मोगल इतिहासाचा एवढा मोठा पंडित इतिहासाची पदव्युत्तर पदवी न घेताच झाला, हे वाचून मला आश्चर्य वाटले. पण त्या काळचे विद्यापीठ कसे होते हे समजून घेतले म्हणजे आश्चर्य ओसरते. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली ती मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. शिकवणे हे कॉलेजांचे काम, आणि तेही नेमलेल्या पुस्तकांपुरते. संशोधन हे प्राध्यापकाच्या कामाचा भाग आहे, ही कल्पनाच अजून रुजायची होती. मध्ययुगाचा इतिहास शिकायचा तर तो बहुधा इंग्रज लेखकांच्या ग्रंथांतून, आणि ते ग्रंथ ज्या फारसी तवारिखांवर उभे होते त्यांच्या भाषांतरित उताऱ्यांतून.

या चाकोरीबाहेर पडण्याची वाट जदुनाथांना एका शिष्यवृत्तीने दाखवली. मुंबईचे प्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद, ज्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठात उभा आहे, त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही मोठी देणगी दिली होती. तिच्यातून दिली जाणारी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती हा कलकत्ता विद्यापीठातील सर्वांत मोठा मान समजला जाई. जदुनाथांना ती १८९७ साली मिळाली. त्यासाठी केलेल्या अभ्यासातूनच १९०१ मध्ये त्यांचा औरंगजेबकालीन हिंदुस्थानवरील पहिला ग्रंथ निघाला. त्यात लढाया नाहीत; सुभे, महसुलाचे आकडे आणि रस्ते यांची माहिती आहे. राजाच्या चरित्राकडे वळण्याआधी या माणसाने त्याच्या राज्यातले रस्ते समजून घेतले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

दरम्यान १८९३ पासून त्यांनी अध्यापन सुरू केले होते. प्रथम कलकत्त्याचे रिपन कॉलेज, मग विद्यासागरांनी काढलेले मेट्रोपॉलिटन, आणि १८९८ पासून सरकारी नोकरी. १८९९ मध्ये ते पाटण्याला आले. मध्ये काही वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात आणि कटकच्या रेव्हेन्शा कॉलेजात गेली, तरी त्यांच्या नोकरीचा मोठा काळ पाटणा कॉलेजातच गेला. कलकत्त्याच्या मानाने पाटणा हे आडवळणाचे ठिकाण. पण तेथे खुदाबक्ष ग्रंथालय होते. एका वकिलाने आपल्या वडिलांचा व स्वतःचा हस्तलिखितांचा संग्रह १८९१ साली लोकांसाठी खुला केला, ते हे ग्रंथालय. फारसी व अरबी हस्तलिखितांचा असा साठा फार थोड्या ठिकाणी असेल. दिवसा वर्गात शिकवावे आणि उरलेल्या वेळात हस्तलिखिते वाचावीत, असा जदुनाथांचा क्रम सुरू झाला.

त्यासाठी त्यांना फारसी शिकावी लागली. छापील फारसी वेगळी आणि घाईने लिहिलेल्या दरबारी कागदाची शिकस्ता लिपी वेगळी. जुनी मोडी वाचण्याचा प्रयत्न ज्यांनी केला असेल त्यांना ही अडचण सांगायला नको. पुढे मराठ्यांच्या इतिहासासाठी ते मराठी शिकले, गोव्याच्या कागदांसाठी पोर्तुगीज शिकले आणि फ्रेंचही शिकले. ज्या लोकांचा इतिहास लिहायचा त्यांची भाषा आली पाहिजे, आणि त्यांच्या शत्रूचीही आली पाहिजे, हा त्यांचा नियम होता. आपल्या विद्यापीठांत आज कोणी मध्ययुगीन इतिहास घेतला तर पहिल्या दिवशी त्याला हाच डोंगर समोर दिसतो. जदुनाथांना तो कोणी कमी करून दिला नव्हता.

औरंगजेबावर लिहायचे ठरवल्यावर त्यांनी साधने गोळा करायला सुरुवात केली. लंडन, पॅरिस, बर्लिन येथील ग्रंथालयांतून हस्तलिखितांच्या नकला व छायाचित्रे मागवली. हिंदुस्थानातील संस्थानिकांची आणि जुन्या मुनशी घराण्यांची दप्तरे धुंडाळली. जयपूरच्या दप्तरखान्यात मोगल दरबाराचे अखबार, म्हणजे रोजच्या घडामोडींची बातमीपत्रे होती. त्यांचे मोल त्यांनी ओळखले. हे सारे करून औरंगजेबाच्या इतिहासाचे पाच खंड १९१२ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झाले. शिवाजीवरील ग्रंथ यांच्या मधोमध, १९१९ साली आला.

माझ्या पुरंदरकडे येते. मिर्झाराजा जयसिंगाचा उदयराज नावाचा मुनशी होता. त्याने लिहिलेल्या पत्रांचा संग्रह हफ्त अंजुमन या नावाने ओळखला जातो. जदुनाथांनी तो शोधून काढला आणि १६६५ च्या मोहिमेचे वर्णन त्याच्या आधारे केले. म्हणजे तोपर्यंत आपण किल्ल्याच्या आतून पाहत होतो, ती लढाई त्यांनी खालच्या छावणीतून दाखवली. जयसिंगाने आधी काय केले? त्याने सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, लहानमोठे जमीनदार, शिवाजी महाराजांवर रुष्ट असलेली घराणी या सर्वांकडे माणसे पाठवली आणि चहूबाजूंनी त्यांना एकटे पाडण्याचा बेत केला. एकेक मोठी तोफ डोंगरावर चढवायला तीन-तीन दिवस लागले. १४ एप्रिलला वज्रगड पडला आणि पुरंदरची बाजू उघडी झाली. दरम्यान मोगल फौजा मुलखात फिरत होत्या. रोहिड्याच्या परिसरात त्यांनी पन्नासेक गावे जाळली. जूनमध्ये तह झाला. २३ किल्ले गेले, १२ राहिले.

आजीच्या गोष्टीत तोफ चढवायला लागलेले तीन दिवस नव्हते. जळालेली गावेही नव्हती. ती ओळ वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. त्या पन्नासांत आमच्यासारख्यांची किती घरे असतील? गोष्ट त्यांना विसरली होती. शत्रूपक्षाच्या हिशेबात मात्र ती एक आकडा म्हणून का होईना, शिल्लक राहिली. आणि मला भीती वाटत होती तसे मुरारबाजीचे शौर्य यामुळे तसूभरही कमी झाले नाही. उलट किती मोठ्या तयारीपुढे तो उभा राहिला हे पहिल्यांदा कळले. कशावरून हा प्रश्न गोष्ट मोडण्यासाठी नसतो हे मला तेव्हा उमगले.

जदुनाथांचे महाराष्ट्राशी नाते मात्र सरळ नव्हते. त्यांचा येथला सर्वांत जवळचा स्नेही म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावचे सरदेसाई बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. तेही विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला तो जदुनाथांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक चालला. एकाने फारसी कागदातले कळवावे, दुसऱ्याने मराठी कागदातले, असा हा व्यवहार. सरदेसाई निवृत्तीनंतर पुण्याजवळ कामशेतला राहू लागले तेव्हा जदुनाथ तेथे येऊन राहत. किल्ले आणि रणभूमी प्रत्यक्ष पाहण्यासाठीही ते हिंडले. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ च्या सुमारास संपादित केले, त्यामागे जदुनाथांचा पाठिंबा होता. पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराच्या मालेचे तर दोघे मिळून संपादक होते.

पुण्यातील अनेक संशोधकांशी मात्र जदुनाथांचे जमले नाही. येथल्या विद्वानांनी हजारो मराठी कागद खेड्यापाड्यांतून, वाड्यांच्या माळ्यांवरून गोळा केले होते. फारसी साधनांवर भिस्त ठेवणाऱ्या या बंगाली प्राध्यापकाने मराठी साधनांना पुरेसे महत्त्व दिले नाही, अशी त्यांची तक्रार होती. जदुनाथांना वाटे की पुण्यात कागदांपेक्षा अभिमान जास्त बोलतो. दोन्हीकडून कठोर शब्द गेले. माझ्यासारखीने या वादात निकाल देणे शोभणार नाही. पण एक उदाहरण सांगते. जेधे शकावलीवरून शिवजन्माचे साल १६३० ठरते. जदुनाथांनी १९१९ च्या ग्रंथात १६२७ हेच साल धरले होते. पुढे संशोधकांचे मत शकावलीच्या बाजूने झुकले आणि २००१ साली महाराष्ट्र शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. म्हणजे कशावरून हा प्रश्न जदुनाथांनाही विचारावा लागतो, आणि येथे त्याचे उत्तर मराठी कागदाने दिले. तथापि त्यांच्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की नवीन साधने पाहून ते आपला ग्रंथ आवृत्तीगणिक दुरुस्त करीत राहिले, आणि १९४० साली शिवाजीच्या घराण्यावर निबंधांचा आणखी एक ग्रंथ त्यांनी दिला. वयाच्या सत्तरीतही विषय त्यांच्या दृष्टीने संपलेला नव्हता.

१९२६ मध्ये ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९२८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. १९२९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. एखाद्याचे चरित्र येथे संपले असते. जदुनाथांनी मात्र आपला सर्वांत मोठा दुसरा ग्रंथ यानंतर लिहायला घेतला. मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचे चार खंड १९३२ ते १९५० या काळात निघाले. शेवटचा खंड आला तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. नादिरशहाच्या स्वारीपासून १८०३ साली इंग्रजांनी दिल्ली घेईपर्यंतचा हा काळ. त्यात मराठे जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहेत.

जुने कागद सर्व अभ्यासकांना पाहता यावेत, यासाठीही ते झटले. सरकारने १९१९ साली नेमलेल्या ऐतिहासिक दप्तर आयोगाचे ते आरंभापासूनचे सभासद होते. शिष्यही त्यांनी तयार केले : शेरशहावर ग्रंथ लिहिणारे कालिकारंजन कानुनगो आणि माळव्यातील सीतामऊ संस्थानचे राजपुत्र रघुवीरसिंह ही त्यांतली ठळक नावे. एक हकीकत तर विलक्षण आहे. जयपूर दरबाराच्या सांगण्यावरून जदुनाथांनी जयपूरचा इतिहास लिहून दिला, पण तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. रघुवीरसिंहांनी संपादन केल्यावर तो १९८४ साली, गुरूच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला.

उतारवयात त्यांच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. फाळणीच्या सुमाराच्या कलकत्त्यातील दंगलींत त्यांचा कर्ता मुलगा मारला गेला. जन्मगाव दुसऱ्या देशात गेले. ज्याने जन्मभर राज्ये कशी मोडतात याचा अभ्यास केला, त्याच्या डोळ्यांदेखत आणि त्याच्या घराच्या उंबऱ्यावर हे घडले. तरीही लेखन थांबले नाही. ढाका विद्यापीठाने काढलेल्या बंगालच्या इतिहासाचा मध्ययुगाविषयीचा खंड त्यांच्याच संपादनाखाली १९४८ मध्ये बाहेर पडला. मे १९५८ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी सरदेसाईही गेले. जदुनाथांचा फारसी हस्तलिखितांचा संग्रह कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेला आणि त्यांच्या घराच्या जागी आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

जदुनाथांची मते आज सगळीच्या सगळी मानली जात नाहीत. मोगल साम्राज्य का मोडले, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पुष्कळसे औरंगजेबाच्या स्वभावात आणि धार्मिक धोरणात शोधले. त्यांच्या मागून आलेल्या सतीशचंद्र, इरफान हबीब, अथर अली यांनी दुसरीकडे पाहिले. सतीशचंद्रांनी दरबारातील गटांचा आणि जहागिरींच्या टंचाईचा, हबीबांनी शेतसारा आणि कुणब्यावरील बोजाचा, अथर अलींनी सरदारवर्गाच्या रचनेचा अभ्यास केला. १९६३ साली आलेल्या हबीबांच्या ग्रंथानंतर मोगल काळातील शेतकरी हा इतिहासाचा विषय झाला. मला वाटते, रोहिड्याजवळच्या त्या पन्नासेक गावांत कोण राहत होते, काय पिकवत होते, सारा किती भरत होते, हे प्रश्न जदुनाथांनी फारसे विचारले नाहीत. पण ते विचारण्यासाठी लागणारे कागद वाचायला मात्र त्यांनी सर्वांना शिकवले.

जदुनाथ एका पदवीच्या जोरावर मोठे झाले नाहीत, घरच्या कपाटाच्या जोरावरही नाही. १८९७ च्या शिष्यवृत्तीपासून १९५८ पर्यंत, साठ वर्षे, ते एकाच विषयाचे विद्यार्थी राहिले. कॉलेज आपल्याला प्रश्न कसा विचारायचा हे दाखवते. पुढचे शिकणे ज्याचे त्यानेच करायचे असते. ज्यांच्या घरात पुस्तके नव्हती, त्यांना यात मोठा धीर आहे. कारण फारसी किंवा मोडी कोणालाच वारशाने मिळत नाही. ती प्रत्येकाला पहिल्या अक्षरापासून गिरवावी लागते.

मी विशेष विषय म्हणून इतिहास घेतला. वडिलांच्या प्रश्नाचे पक्के उत्तर अजून माझ्याजवळ नाही. परंतु दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यांना पुरंदरच्या तोफांची आणि त्या जळालेल्या गावांची हकीकत सांगितली. ते किल्ल्याकडे पाहत ऐकत राहिले, आणि मग त्यांनीच विचारले, हे कशावरून कळले? मी त्यांना एका मुनशीच्या पत्रांविषयी आणि ती शोधून काढणाऱ्या एका बंगाली प्राध्यापकाविषयी सांगितले. सध्या रविवारी मोडीच्या वर्गाला जाते. बाराखडी संपत आली आहे.